नेहमीसारखी बाग

नदीकाठच्या बागेत लोक हवा खायला येतात म्हणे. हवेशिवाय आणखी काय काय खातात आणि खाऊन कुठे टाकतात, ते शीमावशीला विचारावं. बावीस वर्षं ती ही बाग झाडत होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. दिवसातून शंभरदा तिच्या तोंडून "शी!" निघायचं, म्हणून मुकादमानं गमतीनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. गुलाबाच्या वाफ्यात लोकांच्या तान्ह्या पोरांच्या लंगोटांच्या पुड्या सापडायच्या. त्या रोज उचलणाऱ्या बाईला दुसरं कुठलं नाव शोभणार होतं?

रविवारी बागेत काही ना काही असायचंच. कधी गाणी, कधी धावण्याची शर्यत, कधी कुत्र्यांचं प्रदर्शन. सोमवारी हिरवळीकडे बघवत नसे. पायाखाली पचकन काय फुटेल याचा नेम नाही. बाकांच्या बुडाला चघळलेल्या गमाचे गोळे, पायऱ्यांवर थुंकीच्या पिचकाऱ्या, कारंज्यात उष्टे चमचे. आणि हे करणारी माणसं कशी, तर इस्त्रीच्या कपड्यातली, सेंट मारलेली. बाकावर झोपणाऱ्या भणंगाची घाण मावशीला परवडायची, त्याला बिचाऱ्याला जागाच नव्हती. पण कचरापेटीपासून वीतभर अंतरावर कप टाकून "तुमचं काम टिकावं म्हणून टाकतो हो, मावशी" असं हसत म्हणणारा एक सद्गृहस्थ होता, त्याला नदीत बुचकळून काढावं असं तिला दर रविवारी वाटायचं.

घरी आली की ती कोपरापर्यंत तीनदा साबण लावायची, आणि तोवर लेकीच्या गालाला बोट लावायची नाही. त्या एका खोलीत सगळ्याला साबणाचा वास यायचा, लेकीच्या वह्यांनासुद्धा. त्याच वह्यांवर लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन चांगल्या घरात गेली. सासरी तिनं सांगितलं होतं, "आई बागखात्यात आहे." त्यात खोटं काही नव्हतं, फक्त खराटा तेवढा गाळला होता. मावशीला ते ठाऊक होतं. लागलं होतं, पण ती कधी बोलली नाही.

मग या रविवारी बागेत 'स्वच्छ नदीकाठ' नावाचा सोहळा ठरला. मोठे पाहुणे येणार, कचरा उचलणार आणि सगळ्यात जुन्या कामगाराचा, म्हणजे मावशीचा, सत्कार करणार. मावशीनं लेकीला फोन केला.

"विहीणबाईंना घेऊन ये. त्यांना एकदा बघू दे मी काय करते ते."

लेक म्हणाली, "आई, कपडे कुठले घालशील?"

"धुतलेले," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी निघताना मुकादम म्हणाला, "मावशी, उद्या बाग नेहमीसारखी असू द्या, बरं का." हे काय सांगायला हवं होतं? ती पहाटे पाचलाच आली. टोच्या, म्हणजे टोकाला खिळा बसवलेली तिची काठी, आठपर्यंत खाली ठेवली नाही. बाकांच्या फटींतले केससुद्धा काडीनं ओढून काढले. ढकलगाडी शिगोशीग भरली. हिरवळ अशी दिसत होती की तिच्यावर पाय ठेवायला तिलाच जिवावर आलं.

साडेआठला मुकादम आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"का? तुम्हीच म्हणालात ना, नेहमीसारखी."

"अहो, नेहमीसारखी म्हणजे लोक करतात तशी! साहेब उचलणार काय आता? माझं डोकं? फोटोवाले येतायत."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं या माणसानं बाग बघितली होती ती झाडायच्या आधीची! झाडून झाल्यावरची त्याच्या लेखी नव्हतीच.

"गाडी उलटी करा हिरवळीवर," मुकादम म्हणाला. "ओलं नको. वास येईल असं नको. कागद, कप, बाटल्या, असं सभ्य काहीतरी. पाहुण्यांच्या हातात जायचंय ते."

"मी नाही टाकणार."

"मग सत्काराच्या यादीतून नाव कापतो. उचलायला कचरा नाही तर सोहळा कसला आणि सत्कार कसला?"

नऊला लेक येणार होती. सत्कार नाही झाला तर विहीणबाईंना दिसणार काय? नुसता खराटा. मावशीनं दात आवळले आणि गाडीतून कप काढून फेकायला लागली. एक इकडे, एक तिकडे. स्वतःच्या हातांची तिला इतकी किळस कधी आली नव्हती, लंगोटाच्या पुड्या उचलतानाही नाही.

"शी!"

हे ती म्हणाली नव्हती. वळून बघितलं तर मागच्या वाटेवर विहीणबाई नाकाला रुमाल लावून उभ्या. लग्नानंतर भेट नव्हती, त्यात आज डोक्याला फडकं आणि अंगात खात्याचा झगा. त्यांनी ओळखलं नाही.

"काय निर्लज्ज बाई आहे बघ," त्या सुनेला म्हणाल्या. "आजच्या दिवशी कचरा करतेय. चल, तुझी आई कुठे आहे ती शोधू."

शेजारी लेक उभी होती. तिनं आईकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि मुकाट्यानं सासूमागून खुर्च्यांकडे गेली.

पाहुणे आले. हातमोजे घालून त्यांनी चार कप उचलले, फोटो निघाले, हातमोजे तिथेच गवतावर पडले. मग माइकवरून एक नाव पुकारलं गेलं. आपलंच आहे हे समजायला मावशीला एक क्षण लागला. ती फडक्यासकट मंचावर गेली. विहीणबाईंचा रुमाल नाकावरच थबकला. पाहुण्यांनी प्रशस्तिपत्र दिलं आणि "दोन शब्द बोला" म्हणून माइक पुढे केला.

"आजचा कचरा मी टाकलाय," मावशी म्हणाली. "मुकादमांनी टाकायला लावला, पण हात माझे होते. सत्कार पाहिजे होता मला, म्हणून टाकला. शी! बाग आठ वाजता स्वच्छ होती. कुणी बघितली नाही. आता मी ती परत झाडते, तुमचं चालू द्या."

प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवून ती खाली उतरली. मुकादमाचा चेहरा उतरला होता. पाहुण्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. तिनं टोच्या घेतला आणि पहिल्यांदा ते हातमोजे टोचले.

दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकली.

"कुठे चाललीस? बस खाली," विहीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. लेक बसली नाही. चांगल्या चपला तशाच चिखलात घालत ती नदीच्या कडेला गेली आणि तिथून मंचापर्यंत ऐकू जाईल असं ओरडली,

"आई! इथे दोन कप राहिलेत गं! आई!"

खुर्च्यांवरची सगळी डोकी वळली. मावशीनं फडक्याच्या टोकानं डोळे पुसले, घाईत हात धुतलेत की नाहीत हेही बघितलं नाही.

"शी! केवढ्यानं ओरडतेस," ती म्हणाली, "आले ना."