स्कार्फखालचा गजरा

पाच वर्षांपूर्वी मी लहान होते. म्हणजे साठीची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

चैत्र होता. शाहूवाडीकडच्या रानात अंजनीची झुडपं फुलून निळीजांभळी झाली होती आणि कुसरीचे वेल पांढऱ्या फुलांनी लगडले होते. ते बघायला आठ वर्षांच्या नातीला घेऊन गेले. वाट दाखवायला गावातल्या एक बाई होत्या. निघतानाच त्यांनी बजावलं, "फुडं झाडावर आग्या मोहोळ हाय. वासाचं काय असंल तर हितंच ठेवा. गजरा, अत्तर, काय बी."

माझ्या अंबाड्यात अंगणातल्या मोगऱ्याचा ताजा गजरा. रानफुलांसोबत फोटो काढायचा तो काय गजऱ्याविना? मी मुकाट स्कार्फ गुंडाळला. नातीनं पाहिलं, तर तिला डोळा मारला. केवढा पराक्रम!

मोहोळाच्या झाडाखालून वाट अरुंद. बाई पुढे, मागे मी, माझं बोट धरून नात. वर सुपाएवढी काळी पोळी लोंबत होती. एक माशी कानाशी आली. मग दोन-तीन. मग स्कार्फच गुणगुणायला लागला.

बाई वळल्या. "आक्का, हलू नगासा. काय हाय डोक्यात?"

"कुठं काय?" मी म्हणाले. साठ वर्षांची बाई!

नातीचा हात घामेजला होता. एखादी तिला डसली असती, ती किंचाळून पळाली असती, तर सगळं मोहोळ उठलं असतं. हे कळत होतं, तरी जीभ उचलेना.

"गजरा हाय की," नात कुजबुजली.

बाई नातीकडे वळल्या. तिला म्हणाल्या, "बाळ, सावकाश त्या खडकामागं जा. पळायचं न्हाय." ती खडकाआड गेली. मग बाईंनी हळूच गाठ सोडली, माश्यांसकट गजरा उचलला आणि लांब झुडपात नेऊन ठेवला. मनगटावर दोन डंख बसले. त्यांनी हात झटकला नाही.

खडकामागे कुसर फुलली होती. तिच्या सावलीत बसून मी नखानं त्यांच्या मनगटातले काटे काढले. गजरा फोटोसाठी होता, तेही सांगून टाकलं.

"फोटू काढायचा न्हाय व्हय आता?" त्या म्हणाल्या.

आता दर चैत्रात रानात निघताना नात दारात आडवी येते.

"आज्जी, वाक."

मी वाकते. ती अंबाडा हुंगते, मगच बूट घालू देते.