दत्तूकाकांची दुपारची झोप

मंडळी, आज दुपारी नागावात दत्तूकाकांच्या वाडीत शहाळी आणायला गेले होते. काका एकेकाळचे हेवीवेट बॉक्सर. हाताला विलक्षण ताकद, पण जगज्जेतेपदाची लढत थोडक्या गुणांनी हरले.

काका पोफळींच्या सावलीत खाटेवर झोपले होते. मुठी हलत होत्या. वाडी शिंपायची वेळ टळून गेली, तरी काकूंनी पंप लावला नव्हता. त्यामुळे समुद्राची गाज ऐकू येत होती, भरलेल्या स्टेडियमसारखी.

"उठवायचं नाही?" मी काकूंना हळूच विचारलं.

"नको गं. रोज स्वप्नात तीच लढत असते, आणि पंपाच्या आवाजाने निकालाआधीच जागे होतात. आज लागू दे निकाल."

आम्ही दोघी थांबलो. काकांचा उजवा हात सावकाश वर गेला, रेफरी विजेत्याचा उचलतो तसा.

मग काकू उठल्या आणि पंप लावला.

तुम्ही कधी कुणाची झोप अशी राखली आहे का?