पंचाहत्तरावा दिवस

आमच्या घरात साधी तारीख विचारायची सोय राहिलेली नाही. "वॉशिंग मशीनवाला शेवटचा कधी येऊन गेला गं?" असं माझ्या बायकोनं विचारलं, की माझी धाकटी बहीण लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणते, "एकेचाळीसला." एकेचाळीसला! आता तो फेब्रुवारी की मार्च, ते तुम्ही बोटं मोडत बसा. बायको हल्ली बोटंही मोडत नाही. ती सरळ मला सांगते, "तुमच्या बहिणीला माणसांच्या भाषेत विचारून घ्या."

बहीण ग्रहांची शास्त्रज्ञ आहे. हे ऐकलं की दहातले चार जण लगेच तळहात पुढे करतात. त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. अहो, ती भविष्य सांगत नाही, मंगळावरचे खड्डे मोजते. यानानं काढलेले फोटो येतात, त्यातले खड्डे एकेक करून मोजायचे. जिथे खड्डे जास्त, ती जमीन जुनी. "मग आधी आपल्या गल्लीतले मोजायला सांगा ना," असं समोरचा म्हणतोच म्हणतो, आणि आपणच हा विनोद पहिल्यांदा केल्यासारखा हसतो. मीही हसतो, दुसरं करणार काय.

त्या फोटोंच्या फायलींवर महिना नसतो. वर्ष असतं आणि त्या वर्षातला कितवा दिवस, तो आकडा असतो. एक जानेवारी म्हणजे एक, एक फेब्रुवारी म्हणजे बत्तीस. यान चालवणारे सगळे असंच मोजतात म्हणे. मोजू देत की, आमचं काही म्हणणं नाही. पण यानात मोजा! वॉशिंग मशीनवाल्याला कशाला त्यात ओढता?

एवढं करून भागत नाही म्हणून बाईसाहेब इंटरनेटवर एक पान चालवतात. रोज सकाळी साडेसहा ते आठ, जेवणाच्या टेबलावर, चहाचा कप कडेला ढकलून. अंतराळातली ताजी बातमी सोप्या शब्दांत, आणि तिच्या खाली कुठे संशोधनाची जागा निघाली, कुठे शिष्यवृत्ती आहे, अर्ज कसा करायचा, ते सगळं. बातम्यांवरून तिचं डोकं रोज फिरतं. "दुसरी पृथ्वी सापडली! दर महिन्याला एक दुसरी पृथ्वी सापडते यांना. पहिलीचं काय केलंत, ते सांगा!" असं ती टोस्टला ऐकवते, कारण आम्ही तोवर कान बंद केलेले असतात.

आणि ते वाचणारे! वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, अर्जाची शेवटची तारीख अमुक. खाली पहिला प्रश्न: शेवटची तारीख काय? दुसरा प्रश्न: मॅडम, शेवटची तारीख? तिसरा: तारीख कळेल का प्लीज? माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी पाटी दाखवून मोकळा झालो असतो. ही प्रत्येकाला उत्तर देते. मी एकदा वैतागून म्हणालो, "डोळे गहाण ठेवलेत का यांनी?"

"घाबरलेला माणूस वाचत नाही दादा. विचारतो," ती म्हणाली आणि पुढच्याला उत्तर लिहायला लागली.

त्या गर्दीत एक बाई मात्र वेगळ्या होत्या. कुठल्याशा लांबच्या गावात शाळेत गणित शिकवतात. बहीण अधूनमधून पानावर मंगळाचा फोटो टाकून सांगायची, मोजा बरं किती खड्डे दिसतात. लोक अंदाजपंचे काहीही ठोकायचे. या बाईंचा आकडा मात्र बहिणीच्या आकड्याला चिकटून असायचा. एकदा त्यांनी अकरा जास्त सांगितले. बहिणीनं हट्टानं पुन्हा मोजलं, आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "तिचे अकरा बरोबर होते. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." माझ्या बहिणीच्या तोंडून हे वाक्य म्हणजे काय, ते ज्याला तिच्याबरोबर पत्ते खेळायची वेळ आली आहे त्यालाच कळेल.

जानेवारीत एका मोठ्या संस्थेची जाहिरात आली. दोन वर्षांचं काम, थेट खड्डे मोजणीचं, पदवी गणिताची असली तरी चालेल. वयाची अट तीस. बाईंना जूनमध्ये तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे हीच पहिली संधी आणि हीच शेवटची. बहीण नुसती हवेत. आणि त्या संस्थेतली मंडळीही हिच्याच जातकुळीची, त्यांनी मुदत काय लिहावी? "दिवस ७५ अखेरपर्यंत." बस. ना महिना, ना तारीख.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण ते टाळून चालणार नाही. माझं छपाईचं दुकान आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. माझा एक नियम आहे आणि तो मी दुकानात फ्रेम करून लावला आहे: गिऱ्हाइकानं प्रूफ वाचून सही केल्याशिवाय मशीनवर कागद चढणार नाही. भलेभले चिडतात, पण नियम म्हणजे नियम. बहिणीसाठी दरवर्षी एक मोठं कॅलेंडर मी छापतो. वार नाहीत, सुट्ट्या नाहीत, नुसते चौकोन. चौकोनात मोठा आकडा दिवसाचा, खाली बारीक अक्षरांत तारीख. ते तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर असतं. जाहिरात आली तशी तिनं मान वर करून पंचाहत्तरचा चौकोन बघितला, त्याखाली १६ मार्च होतं, आणि तिनं पानावर लिहिलं: शेवटची तारीख १६ मार्च.

बाईंनी अर्ज फेब्रुवारीतच जवळजवळ भरून ठेवला. फक्त मुख्याध्यापकांचं परवानगीचं पत्र जोडायचं राहिलं होतं. मुख्याध्यापक रजेवर, ते सोळाला सकाळी हजर होणार. बाईंनी विचारलं, सोळाला भरला तर चालेल ना? बहिणीनं लिहिलं, आरामात, रात्री बारापर्यंत वेळ आहे.

सोळा मार्चला सकाळी साडेदहाला बाईंचा फोन आला. मी डबा विसरलो म्हणून घरी आलो होतो. बहीण फोनवर म्हणत होती, "बंद म्हणजे? असं कसं बंद? पुन्हा उघडून बघा." मग तिनं लॅपटॉपच्या कोपऱ्यातला आकडा बघितला, मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. उठून कॅलेंडरजवळ गेली आणि एका चौकोनावर बोट ठेवून उभी राहिली. फोनवर पलीकडून नुसतं "मॅडम? मॅडम?" ऐकू येत होतं.

"आज शहात्तर आहे," ती शेवटी म्हणाली. "मुदत काल संपली. तारीख मी चुकीची दिली. माझी चूक आहे."

मला भडकायला तेवढं पुरे होतं. तिनं फोन ठेवायचा अवकाश, माझा तोंडाचा पट्टा सुरू झाला. किती वेळा सांगितलं तुला, माणसांसारख्या तारखा वापर! बारा महिने काय तुला चावतात? एवढी शिकलीस आणि पंचाहत्तरपर्यंत मोजता येईना? त्या बिचारीचं आयुष्य गेलं की तुझ्या त्या आकड्यांच्या नादात! मी डबा तिथेच विसरून पुन्हा दुकानात गेलो, आणि उपाशी राहिलो तोही राग तिच्यावरच काढला. पुढचे तीन दिवस मी घरात येता-जाता तिला टोमणे मारले. ती एका शब्दानं उलट बोलली नाही. तिथे माझी ट्यूब पेटायला हवी होती, कारण उलट न बोलणं हे आमच्या घराण्यात नाही.

तिनं पानावर माफी लिहिली. संस्थेलाही पत्र पाठवलं, की चूक माझी आहे, शिक्षा अर्जदाराला नको. पानावर लोकांनी तिला सोलून काढलं. जे तीन-तीनदा तारीख विचारायचे तेच आता सांगत होते, मॅडम, एवढी जबाबदारीची गोष्ट, एकदा तपासायला काय जातं. माझं टाळकं सटकलं. मी तिला बोलेन, माझी बहीण आहे. तुम्ही कोण टिकोजीराव? एकेकाला चोख उत्तर द्यावं म्हणून चौथ्या दिवशी दुपारी दुकानात मी ते पान उघडलं आणि माफीनामा पहिल्यांदा नीट वाचला.

खाली फोटो होता. भिंतीवरचं कॅलेंडर. "यंदा लीप वर्ष आहे, हे न तपासता मी या कॅलेंडरवरून तारीख काढली," असं तिनं लिहिलं होतं. मी फोटो मोठा केला. अठ्ठावीस फेब्रुवारी, आणि त्याच्या शेजारी लगेच एक मार्च. एकोणतीस नव्हतीच.

डिसेंबरात ती दुकानात आली होती, चांगली दोनदा म्हणाली होती, "दादा, यंदा एक दिवस जास्त आहे हं." मी म्हणालो होतो, हो गं बाई, कळतं मला. मग प्रश्नपत्रिकांची घाई आली, आणि मी गेल्या वर्षीची फाईल उघडली, वरचं साल बदललं आणि छापून टाकली. प्रूफ नाही, सही नाही. घरचंच तर काम! फेब्रुवारीच्या शेवटी ती परिषदेला गेली होती, म्हणून एकोणतीस तारीख भिंतीवर नाही हे तिच्याही डोळ्याला खटकलं नाही. आणि मार्चमध्ये भिंतीकडे बघतंय कोण, रोजचा आकडा लॅपटॉपच सांगतो.

आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या प्रत्येक कॅलेंडरच्या तळाला एक पट्टी असते, दुकानाचं नाव, पत्ता, फोन. फोटोत ती पट्टी नव्हती. डिसेंबरच्या शेवटच्या चौकोनाखाली फोटो बरोबर कापलेला होता.

मी शटर ओढून घरी आलो. ती टेबलाशीच होती.

"खालची पट्टी कुठे गेली?" मी विचारलं.

"फोटोत मावली नाही."

"मावली नाही? अख्खं वर्ष मावलं आणि बोटभर पट्टी मावली नाही?"

"छापणं तुझं काम, तपासणं माझं," ती म्हणाली. "मी नाही तपासलं. लोक दुकानाच्या फोनवर शिव्या देत बसले असते. शाळांची कामं गेली असती तुझी. काय उपयोग?"

"आणि तीन दिवस मी तुला बोललो ते?"

"तू काय, बोलतोसच," ती म्हणाली.

मला इतकी लाज वाटली की राग आला, आणि राग आला की मला काम सुचतं. तसाच दुकानात परत गेलो. चुकीच्या कॅलेंडरची एक प्रत कपाटात होती, ती काढली. दुकानाच्या लेटरहेडवर संस्थेला पत्र लिहिलं: हे कॅलेंडर मी छापलं, सांगूनही जुनी फाईल वापरली, प्रूफ दाखवलं नाही. शिवाय आपणही महिना-तारीख लिहिली असती तर आपल्या मशीनची शाई संपली नसती. हे शेवटचं वाक्य बायकोनं खोडायला लावलं, मी पुन्हा घातलं. पत्र आणि कॅलेंडर, पट्टीसकट, स्कॅन करून पाठवलं. तेच सगळं बहिणीच्या पानावरही टाकलं. दोन दिवस दुकानाचा फोन वाजत होता, आणि एक शाळा खरंच गेली. गेली तर गेली.

सहाव्या दिवशी संस्थेचं उत्तर आलं. मुदतीआधी ज्यांनी अर्ज अर्धा भरून ठेवला होता, त्यांच्यासाठी खिडकी एकच दिवस पुन्हा उघडणार. बहिणीनं मला दुकानात फोन केला, "ताबडतोब ये." मी धावत घरी. बाई फोनवर होत्याच, स्पीकरवर. बहिणीनं उत्तर माझ्यापुढे धरलं. त्यात लिहिलं होतं: अर्ज फक्त दिवस ८७ रोजी स्वीकारले जातील.

"अरे, यांना काही लाज!" मी ओरडलो. "पुन्हा आकडा?"

"दादा," बहीण म्हणाली, "सत्त्याऐंशी म्हणजे कोणती तारीख?"

"मला काय विचारतेस? तुला पाठ आहे ना?"

"तू सांग."

त्या गणिताच्या बाई, त्यांनी ते कधीच काढलं असणार. दोघी थांबल्या होत्या. मी कोरा कागद घेतला, चौकोन आखत बसलो, एकपासून. जानेवारी एकतीस. फेब्रुवारीत एकोणतीस लिहिताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. साठ. मग मार्च, एकेक चौकोन, बोट ठेवून, मोठ्यानं. बायको दारात येऊन उभी होती, ती हसली नाही.

"सत्तावीस," मी म्हणालो. "सत्तावीस मार्च."

"माझीही सत्तावीस," फोनमधून बाई म्हणाल्या.

बहिणीनं तो फाटका कागद ओढून घेतला, पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत तपासला आणि पेन माझ्या हातात दिलं. "सही कर."

मी सही केली. तिनं खाली आपली केली. मग तिनं कागदाचा फोटो काढून पानावर टाकला, या वेळी चारही कडा दिसतील असा, आणि लिहिलं: शेवटची तारीख २७ मार्च. मोजली माझ्या दादानं, तपासली मी.

सत्तावीसला सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी दुकानाच्या फोनवर बाईंचा मेसेज आला, अर्ज पोचला म्हणून. मी बहिणीला कळवायला फोन केला, तर तिला आधीच कळलेलं होतं, आणि ती त्या फोटोखाली कुणाला तरी उत्तर लिहीत होती. त्यानं विचारलं होतं, मॅडम, शेवटची तारीख काय?