भिंतीवरची लेक

कुटुंबनियोजनाचं चित्र काढायला एक पेंटर आमच्या राणीसावरगावच्या शाळेत आला होता. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. तिघं त्यानं भराभर उरकले. मुलीपाशी मात्र दुपार गेली. चेहरा रंगवायचा, डोळे मिटून उभा राहायचा, मग चिंधीनं पुसून पुन्हा रंगवायचा.

हीच मुलगी मी पाथरीच्या आणि जिंतूरच्या भिंतींवरही पाहिली होती. तसं म्हणालो, तर मागं न वळताच तो म्हणाला, "माझी लेक हाय, गुरुजी. गोवरानं गेली. फोटो कवा काढलाच न्हवता. म्हणलं, इसरायच्या आत भितीवर तरी ठिवावं."

"बरं केलंत," मी म्हणालो. मास्तरला काहीतरी शहाणपणाचं बोलायची खोडच असते.

"कशाचं बरं? काढू काढू तिचं खरं तोंडच गेलं बगा. आता डोळे मिटले की हीच दिसायलीय, भितीवरची."

त्यानं पुन्हा चिंधी उचलली. मी वर्गावर गेलो.

शाळा सुटल्यावर पाहिलं, तर तो निघून गेला होता. भिंतीवर चौघंजण होते, आणि चेहरे तिघांनाच होते.