हळदीच्या यार्डातला पांढरा रुमाल

सरिता पाईकराव आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक शिलाई मशीन, एक पत्र्याची पेटी आणि भांडायची पूर्ण तयारी होती. सेनगावकडचं सासर तिने स्वतः सोडलं होतं. कोणी ‘नवऱ्याने टाकलेली’ म्हटलं की ती तिथल्या तिथे दुरुस्ती करी, “टाकलं मी त्याला. नीट सांगत जा.”

वसमतच्या बाजारात लतीफभाईंचा जुना फोटो स्टुडिओ आहे. तिथे ती झाडलोट करी, फोटो लॅमिनेट करी, लग्नाच्या अल्बमची पानं चिकटवी. लतीफभाईंचे गुडघे गेले, लग्नाच्या मांडवात उभं राहणं त्यांना जमेना, तेव्हा एके दिवशी झाडू कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, “लतीफभाई, मला कॅमेरा शिकवा.”

हा प्रसंग तिने मला ओट्यावर बसून नकलेसकट सांगितला.

“लई जड असतो, सरिता.”

“गॅसची टाकी जिन्यानं वर नेऊन देते ना मी तुमच्या घरी? तवा न्हाई म्हनलात जड हाय.”

आतून लतीफभाईंची बायको जैनबबी हसली. “अब बोलो! आणि आमच्या लग्नात बायकांच्या मांडवात तुम्हाला कोण घेतं? ही जाईल. दोन्हीकडचं काम आपलंच राहील.”

असं तिचं शिक्षण सुरू झालं. कोपर बरगडीला टेकवायचं, म्हणजे हात हलत नाही. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी ठेवायची नाही, नाहीतर तोंड काळं दिसतं. डोक्यावर थोडी जागा सोडायची. ही शेवटची गोष्ट तिला उशिरा समजली. तिने घेतलेल्या पहिल्या बारशाच्या व्हिडिओत पाळणा आणि साड्या सुरेख आल्या होत्या, आत्याबाईंची मान मात्र खांद्यापाशीच संपत होती. व्हिडिओचे तुकडे जोडायला शिकली तेव्हा प्रत्येक दृश्यानंतर कबुतरं उडवायची, गुलाब फुलवायची. लतीफभाई वैतागले, “एक माणूस जिना चढला तर त्याच्यात कबुतर काहून? चढू दे की त्याला.”

कॉम्प्युटरवरचे शब्द इंग्रजीत होते. मी लहानपणी नन्सच्या शाळेत शिकले, त्यामुळे ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ती यायची.

“मावशी, हे सॅच्युरेशन म्हंजे काय?”

“रंग किती भडक हवा ते.”

“म्हंजे भाजीतलं तिखट,” ती म्हणायची आणि पुढे सरकायची. कॉन्ट्रास्टला तिने काय नाव दिलं ते मी इथे लिहीत नाही, त्यात आमच्या शेजारणीचा उल्लेख होता.

आवाज तिला सगळ्यात अवघड गेला. आपल्या कानाला जे ऐकू येत नाही ते माइकला येतं, हे तिला पटेना. एकदा माझ्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड करताना फ्रिजची घरघर आली म्हणून तिने तो बंद केला आणि तसाच विसरली. सकाळी दूध नासलं होतं. मी रागावले. “मावशी, पन आवाज किती सोच्छ आलाय ते तर ऐका,” असं म्हणून तिने माझ्याच कानाला हेडफोन लावला.

मार्चमध्ये हळदीचा हंगाम भरात आला. मोंढ्यातले, म्हणजे शेतमालाच्या बाजारातले, मोठे आडत दुकानदार व्यंकटराव यांना बाहेरच्या खरेदीदारांना दाखवायला एक छोटी फिल्म हवी होती. त्यांच्या घरची सगळी लग्नं लतीफभाईंनीच घेतलेली. लतीफभाईंनी सांगून टाकलं, “सरिता करेल.” लग्नात तिला सगळे लतीफभाईंचं माणूस म्हणून ओळखत. हे काम तिच्या नावाचं होतं. ते चांगलं झालं तर ती कॅमेरावाली, नाही तर पुन्हा झाडूवाली, असा तिचा हिशेब होता.

शूटिंगआधी कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. त्यावरून तो बाकीचे रंग ठरवतो. लतीफभाईंनी शिकवल्याप्रमाणे सरिता त्यासाठी पांढरा रुमाल बाळगायची. मोंढ्याच्या हळद यार्डात पोहोचल्यावर तिने त्याच रुमालाने घाम पुसला, लेन्सवरची धूळ टिपली, कॅमेऱ्याचं अंग पुसलं. मग शेडमध्ये गेल्यावर रुमाल कॅमेऱ्यासमोर धरला. हंगामात यार्डाची हवाच पिवळी असते. तिथे थोडा वेळ काढला की डोळ्यांना पिवळंच पांढरं वाटायला लागतं. हळदीने माखलेला तो रुमाल तिला पांढरा दिसला, कॅमेऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवला, आणि पिवळेपणा काढून टाकायला सगळं निळं करून ठेवलं. कॅमेऱ्यावरच्या छोट्या पडद्यावर भर उजेडात काही कळलं नाही.

फिल्म दाखवायला ती मला सोबत घेऊन गेली. व्यंकटरावांच्या दुकानात पंधरा-वीस माणसं जमलेली. “बाई, तुम्ही काहून तकलीफ घेतली?” म्हणत व्यंकटरावांनी मला खुर्ची दिली. सरिताने आदल्या रात्री घाईने सगळं जोडून पेन ड्राइव्हवर घेतलं होतं, लॅपटॉपचा पडदा जुना, रंग आधीच उडालेला. टीव्ही सुरू झाला आणि त्यावर निळसर राखाडी हळदीचे ढीग आले. त्यांच्यामागे निळ्या ओठांचे व्यंकटराव हात जोडून उभे.

आधी कोणी हसलं नाही. मग त्यांचे मुनीम सोनाजी म्हणाले, “तुमी लोकं जिथं जाल तिथं निळंच करून सोडता की गं!”

मग सगळे हसले. मी व्यंकटरावांकडे पाहिलं. ते हसत नव्हते, पण कोणाला गप्पही करत नव्हते.

सरिताने पेन ड्राइव्ह काढून पिशवीत टाकला आणि सोनाजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

“मुनीमजी, रुमाल पिवळा झालता, मी पाह्यला न्हाई. चूक माझी हाय, माझ्या एकटीची. तिच्यात माझी जात काहून ओढून राहिलात? तुमचं पोतं वजनात कमी भरलं तवा मी तुमची जात काढली का?”

“अगं, गंमत केली.”

“मग मला हसू काहून आलं न्हाई?”

व्यंकटराव खाकरले. “जाऊ दे. नांदेडहून माणूस बोलावतो मी.”

“बोलवा शेठ. पन उद्या लिलाव हाय, उद्याच्याला मला येऊ द्या. मग ठरवा.”

माझ्याकडे एक नजर टाकून व्यंकटराव ‘हो’ म्हणाले. वाटेत मी म्हटलं, “कॉम्प्युटरवर रंग सुधारता येईल ना?” ती म्हणाली, “थोडा येतो. पन मग हळद हळदीसारखी दिसंल आन् मानसं कावीळ झाल्यावानी. नवीन घेते.”

दुसऱ्या दिवशी नवा रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती यार्डात गेली. तिथे सोनाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती कॅमेरा रोखी तिथून माणसं बाजूला होत. हमाल पाठ फिरवत, व्यापारी फोनवर बोलू लागत. तिला नुसते ढीग आणि भिंती तेवढ्या मिळत होत्या.

शेडच्या टोकाला हळद चाळणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली वयस्कर मंजुळाबाई ओरडली, “ए पोरी, तिकडं काय भिताडं काढून राहिली? आमाला काढ की!”

“तोंड दिसंल बरं का तुमचं. चालंल?”

“नकट्या हावोत का आमी?”

सरिताने दिवसभर त्यांच्यातच काढला. त्यांचे हात, पापण्यांवर बसलेली पिवळी पूड, चाळणीचा हेलकावा. माइक तिने घमेल्याजवळ ठेवला होता. नीट वाळलेली हळद घमेल्यातून पडली की खणखण वाजते. जाणते व्यापारी तो आवाज ऐकून माल ओळखतात. तिने त्यावर कुठलंही गाणं टाकलं नाही. तो आवाज आणि मधेमधे बायकांचं बोलणं, एवढंच.

या वेळी तिने ती फिल्म लतीफभाईंच्या मोठ्या टीव्हीवर आधी तपासली आणि मग दुकानात नेऊन व्यंकटरावांना दाखवली. हळद सोन्यासारखी दिसत होती. त्यांनी खणखणाट ऐकला आणि पुढे सरकून बसले. “आवाज काय पकडलाय! वा! फक्त एक कर. त्या बाया काढून टाक. धुळीत बसलेल्या बाया पाहून बाहेरच्यांना कसं वाटेल? आवाज तेवढा राहू दे, वर मशीन दाखव, मला दाखव.”

“आवाज त्यांच्या हातचा हाय, शेठ.”

“ते कोणाला कळतंय?”

“मला कळतंय. हात काढले तर आवाज बी काढते. मग काय ऱ्हाईल ते घ्या.”

“लतीफला विचारून बोल. तुमचा स्टुडिओ आमच्या घरच्या कामावर चालतो.”

आमच्याबरोबर आलेले लतीफभाई दारात काठी टेकून उभे होते. मला वाटलं, आता ते तिला समजावतील. ते म्हणाले, “शेठ, मैंने सिर्फ कॅमेरा दिला. फिल्म तिची हाय. ती न्हाई म्हनली तर न्हाई.”

व्यंकटरावांनी नांदेडचा माणूस बोलावला. त्याची फिल्म मी पाहिली आहे. तीत व्यंकटराव ड्रोनकडे पाहून हसतात.

बाजाराच्या दिवशी लतीफभाईंनी स्टुडिओतला टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. खणखणाट ऐकून माणसं थांबू लागली. यार्डातून सुटलेल्या बायका घोळक्याने आल्या. स्वतःला पाहून त्यांनी एकमेकींना कोपरं मारली. मंजुळाबाई मात्र कपाळाला आठ्या घालून अगदी टीव्हीजवळ गेली.

“सरे, सगळं बराबर हाय. पन मला जरा गोरं कर की. तुझ्या मशीनमधी होतं म्हन्तात.”

“होतं.”

“मग?”

“करनार न्हाई.”

“अगं, माझंच तोंड हाय ना?”

“तोंड तुझं, फिल्म माझी. शेठला न्हाई म्हनलं, तुला व्हय म्हनू? जशी हायेस तशीच झ्याक दिसून राहिलीस.”

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मंजुळाबाईने पुन्हा एकदा स्वतःकडे पाहिलं, पदर नीट केला आणि स्टुडिओच्या पायऱ्या चढून आत गेली. काउंटरवर लतीफभाई वही उघडून बसले होते.

“नातीचं लगीन हाय पुढल्या महिन्यात, डोंगरकडा गावात,” ती म्हणाली. “शूटिंग सांगायचीय. तुमी नगं, भाई. ही खडूस बाई पायजे.”