जसंच्या तसं

पोलादपूरच्या पुढे, कापडे गावाच्या वाटेवरच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापक एकच होता आणि तो मी नव्हतो. खुर्ची माझी, शिक्का माझा, दारावरची पाटीही माझ्याच नावाची. शाळा मात्र आमचे शिपाईमामा चालवायचे. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर मी ते लपवलं. आता माझी बढाई ऐकायलाही कोणी उरलेलं नाही, तेव्हा खरं सांगून टाकतो.

मामा म्हणजे खाकी टोपीखाली एक भरघोस मिशी आणि काखेत बाराही महिने मिटलेली छत्री. भर पावसातही ती मिटलेलीच. "उघडली की मोडंल," म्हणायचे. परीक्षेची शेवटची घंटा ते इतक्या सावकाश द्यायचे की पहिल्या आणि शेवटच्या ठोक्याच्या मध्ये एखादं गणित सुटावं. तपासणीला साहेब येणार म्हटलं की मी 'शिस्त पाळावी, अन्यथा शिक्षा होईल' अशी सूचना काढायचो. सूचनेची वही घेऊन मामा वर्गावर्गात जात आणि सांगत, "पोरांनो, साहेब नवीन हायत, बावरलेत. तुमी जरा मोठ्यानं बोला, त्यांना धीर येईल." पोरं साहेबांना धीर देत खणखणीत उत्तरं द्यायची. साहेब माझी पाठ थोपटायचे. मीही पाठ पुढे करायचो.

पण मामांचं खरं राज्य पत्रांवर. मूल अभ्यासात मागे पडलं की शाळेतून घरी पत्र जाई. डोंगरातल्या वाड्यांवर ते मामाच नेत, आणि बाप मुंबईला, आईला वाचता येत नाही, म्हणून वाचूनही तेच दाखवत. लिहायचो मी. माझ्या भाषेचा मला भारी अभिमान. 'आपल्या पाल्याची प्रगती अत्यंत असमाधानकारक असून, सुधारणा न झाल्यास परीक्षेस बसू दिले जाणार नाही, याची गंभीर नोंद घ्यावी.' असलं वाक्य उतरलं की मी ते स्वतःलाच दोनदा वाचून दाखवी. आणि नवल असं की पत्र गेलं की मूल सुधारायचंच. निकाल चढत गेला. महाडला मुख्याध्यापकांच्या सभेत 'पालकांशी संपर्क' या विषयावर मी पाऊण तास बोललो, शाल-श्रीफळ घेतलं. मामा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मग एकदा वरच्या वाडीतली एक बाई पदराखाली काकड्या घेऊन ऑफिसात आली. तिची मुलगी नववीत होती.

"सर, तुमी किती ग्वाड लिवता!"

माझ्या लेखनाला आजवर कोणी गोड म्हटलं नव्हतं. विचारलं, "काय लिहिलं होतं मी?"

तिने घडाघडा म्हणून दाखवलं. "पोरगी हुशार हाय, फक्त गनिताला भिते. सांजच्याला तिला घंटाभर कामाला लावू नको गो बाय, बाकीचं मी बघतो."

'गो बाय'! मी माझ्या बायकोलाही कधी असं म्हटलं नव्हतं.

मामांना बोलावलं. ते जराही गडबडले नाहीत. "सर, तुमच्या पोटात हाय तेच वाचलं. कागदावर उतरताना जरा कडक झालं व्हतं."

मी संतापलो. खरं म्हणजे त्या शालीची आठवण झाली आणि लाज वाटली. पण लाजेपेक्षा संताप मुख्याध्यापकाला शोभतो. मी मेमो काढला: 'यापुढे पत्रे जशीच्या तशी वाचावीत.' मामांनी तो घडी करून टोपीत ठेवला.

पुढच्या वर्षी तीच मुलगी दहावीच्या चाचणीत गणितात थोडक्यात नापास झाली. माझं पत्र गेलं. सोमवारपासून ती आली नाही.

"काय म्हणाली तिची आई?" मी मामांना विचारलं.

"काय नाय. कागूद घेतला. म्हनली, सरांनाच नको तर आपन कशाला पाठवायची."

"तुम्ही समजावलं नाही?"

"मेमो हाय ना, सर."

दीड तासाची चढण होती. मी जाऊन दोन शब्द बोललो असतो तर ती परत आली असती. पण मुख्याध्यापक कसा चढणार? मी आणखी एक पत्र लिहिण्याचा विचार करत राहिलो. वैशाखात तिचं लग्न झालं. त्या वर्षी निकाल घसरला आणि अहवालात मी वळणदार अक्षरात कारण लिहिलं, 'पालकांची अनास्था'. ते खोटं होतं. अनास्था माझी होती.

निवृत्त होऊन मी महाडला राहिलो. मामा जवळच, त्यांच्या गावी. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा बाजाराच्या दिवशी छत्री काखेत घेऊन ते येत. एकदा मुंबईहून मुलाचं पत्र आलं होतं. मामांनी वाचलं, "बाबा, तुमची फार आठवण येते. जिवाला जपा. सवड झाली की येतो."

माझा मुलगा पत्रं लिहायला माझ्याकडूनच शिकला होता. मी विचारलं, "मामा, असंच लिहिलंय?"

टोपी काढल्याचा आणि जुना कागद उलगडल्याचा आवाज आला.

"मेमो हाय अजून माझ्याकडं, सर. जसंच्या तसं वाचू?"

"नको," मी म्हणालो.

वरच्या वाडीतल्या त्या बाईला मात्र 'नको' म्हणायची सोय मी ठेवली नव्हती.