आबांनी मेंढरं विकली त्या वर्षी

आमच्या कळस गावाहून मी निघाले त्या सकाळी वडिलांनी, आबांनी, माझी बॅग मोटरसायकलच्या टाकीवर आडवी ठेवली आणि मला मागे बसवून इंदापूरच्या स्टँडवर आणलं. वाटेत एकच बोलले, "पोचल्यावर फोन कर, न्हायतर तुजी आई जेवायची न्हाय."

बंगळूरला येऊन आता चौदा वर्षं झाली. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम, उत्तम पगार. आई गावात अभिमानानं सांगायची, "पोरगी सुखात हाय." मागच्या वर्षी मात्र आमच्या टीममधली चार माणसं एका मीटिंगला गेली, ती परत जागेवर आलीच नाहीत. मग मॅनेजरनं मला एक एआय टूल दिलं. म्हणाला, "तू काय काय तपासतेस, ते याला शिकव." मी शिकवत होते आणि ते भराभर शिकत होतं. घरी फोनवर रोज सांगायचे, सगळं छान आहे. पस्तिशी उलटलेली, याशिवाय आपल्याला दुसरं काय येतं, ते सुचत नव्हतं.

चार दिवस गावी गेले. चहाआधीच लॅपटॉप उघडलेला बघून आबा शेजारी येऊन बसले. "किती येळा बघशील त्येच्यात? काय झालंय?"

मी सगळं सांगून टाकलं.

"मेंढरं इकली तवा मी चाळिशीत हुतो," ते म्हणाले. "एमआयडीसीत डेअरीच्या सायबानं इचारलं, काय काम येतं? मी म्हनलं, मेंढरं राखता येत्यात. त्यो हसला न्हाय, खाली बघाय लागला. मग दुधाचं क्रेट उचलाय ठेवलं. बुटानं पायाला फोड आलं. दिवाळी झाली की पाय कोकणाकडं वढायचं. दोन सालं वाटत हुतं, आपुन चुकलो."

"कधी बोलला नाहीत?"

"तुमी पोरं खूश हुता ना, बाप घरात हाय म्हणून."

खरंच होतो. दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात जाणारे, पावसाच्या तोंडावर परतणारे आबा त्या वर्षी गेले नाहीत, म्हणून आम्ही अंगणभर नाचलो होतो. त्यांचे नवे बूट मी पायात घालून मिरवले होते. त्यांना त्या वर्षी काय वाटत असेल, हे इतक्या वर्षांत मनातही आलं नव्हतं.

"दुसरं काम शिकाय किती दिस लागतील?" त्यांनी विचारलं.

"सहा-आठ महिने."

"मग लाग की. थंड खोलीची मशीन चालवाय मीबी तितंच शिकलो."

परत आल्यावर दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरचा कोर्स सुरू केला. तो संपायच्या आधीच कामावरून कमी करायच्या यादीत माझं नाव आलं. त्या दिवशी मी घरी पहिल्यांदा खरं सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं बोललीस. तू छान म्हनलीस का मला कळायचं, कायतरी लपवतीस."

तीन महिन्यांनी दुसरी नोकरी लागली. पगार कमी आहे, काम नवं आहे.

माझ्यासारखे तुम्हीही गाव सोडून आला असाल, तर तुम्हीही घरी चांगल्याच बातम्या पाठवत असाल. मी चौदा वर्षं तेच केलं, आणि त्यालाच घराची काळजी घेणं समजत राहिले.

परवा नव्या ऑफिसातही माणसं कमी करणार, अशी कुजबुज कानावर आली. जिन्यात जाऊन आबांना फोन लावला आणि म्हटलं, आज बातमी चांगली नाही. "थांब," ते म्हणाले. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हां, आता सांग."